बरणीतला स्वेटर

विदिन गावात कुणाच्या घराचा वास जाता जात नसला, की लोक ल्यूबेनला फोन करायचे. आणि विदिनमध्ये अशा घरांना काही तोटा नव्हता. तरणीताठी माणसं स्पेनला नाहीतर जर्मनीला जाऊन बसलेली, मागे राहिलेले म्हातारे एकेक करून निघून गेलेले. चार-चार वर्षं बंद पडलेल्या खोल्या, त्यांत बुरशी, मांजराचं मूत, जुनी औषधं, जुनी माणसं. मग कधीतरी माद्रिदहून कुणाचा तरी मुलगा फोन करणार, "ल्यूबेनकाका, घर विकायचंय हो, तेवढं जरा माणसात आणा." ल्यूबेनकाका आणायचा. एकसष्ट वर्षांचा, कमी बोलणारा, नाकासमोर चालणारा माणूस. टायरच्या कारखान्यात वीजतंत्री होता. कारखाना बंद पडला तेव्हा हातातल्या पैशांत त्यानं हे ओझोनचं मशीन घेतलं. बायको म्हणाली होती, "लोक टॅक्सी घेतात, दुकान टाकतात, आणि आमचे हे वारा विकणार!"

पण तो वारा साधा नव्हता. हवेतला प्राणवायू जोडीजोडीनं राहतो. मशीनमधला विजेचा दाब त्या जोड्या फोडतो, आणि सुटलेला एकेकटा कण दुसऱ्याच एखाद्या जोडीत जाऊन घुसतो. तिघांचं पटत नाही. तिसरा लगेच निसटतो आणि समोर येईल त्याला झोंबतो: बुरशीला, जंतूला, पडद्यात मुरलेल्या धुराला. ज्याला झोंबला ते संपतं, आणि तोही संपतो. दोन-चार तासांनी खोलीत उरते साधी हवा. तोवर मात्र आत माणसानं जायचं नाही, फुप्फुसालाही तो तसाच झोंबतो. म्हणून खिडक्या बंद, दाराच्या फटींना चिकटपट्टी, मशीन कपाटावर उंच ठेवायचं, कारण हा वायू जड, खाली उतरतो, टायमर लावायचा आणि दारावर कागद चिकटवायचा, "आत जाऊ नका." तो कागद चिकटवताना ल्यूबेनला बहुतेक वेळा जागा शोधावी लागे. विदिनच्या दारांवर निधनाचे कागद आधीच लावलेले असतात. फोटो, नाव, चाळीस दिवस झाले, सहा महिने झाले, वर्ष झालं.

मशीन सुरू करण्याआधी तो तीन प्रश्न विचारायचा. आत जिवंत काही आहे का? पक्षी, मासा, कुंडी, काहीही. रबराचं काही आहे का? कारण ओझोन रबराला भेगा पाडतो. आणि तिसरा, "ठेवायचं काही आहे का?" लोक विचारायचे, म्हणजे काय? "म्हणजे ज्याचा वास तुम्हाला हवाय असं काही. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही. सगळंच पुसून टाकतं." लोक हसायचे. इतक्या वर्षांत एका बाईनं तेवढी नवऱ्याची टोपी बाहेर काढली होती.

आणि या माणसाचं स्वतःचं घर? जिन्यात पाऊल टाकलं की कळायचं. त्याची बायको देतेलिना तीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून सिगारेटी ओढत आली. अंगाला गुलाबाचा साबण, बोटांना तंबाखू. मागच्या सप्टेंबरात ती गेली. खालच्या मजल्यावरची नेव्यानाताई, चौऱ्याहत्तर वर्षांची आणि जिभेला हाड नसलेली, दर आठवड्याला सुनवायची, "अरे, सगळ्या गावाची घरं धुतोस आणि तुझ्या दारावरून जाताना मला खोकला येतो. लाज वाटते का काही?"

ल्यूबेन म्हणायचा, "बघू." रोज संध्याकाळी जेवण झालं की तो कपाट उघडायचा, देतेलिनाचा तपकिरी स्वेटर काढायचा, पलंगावर बसायचा आणि त्यात तोंड खुपसायचा. तंबाखू आणि गुलाब. मग घडी घालून परत ठेवायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

सप्टेंबर लागला आणि स्पेनमधल्या सारागोसाहून मुलीचा, रालित्साचा फोन आला. आईच्या वर्षश्राद्धाला ती येत होती, तान्ह्या दरिनाला घेऊन. आजीच्या नावातलं पहिलं अक्षर नातीला दिलेलं. ल्यूबेननं नातीला अजून फोनवरच पाहिलं होतं.

"आठ दिवस राहीन म्हणते, बाबा."

"आठ का, पंधरा राहा. पाळणा आणतो माळ्यावरून."

"बाबा, एक बोलायचं होतं. ती सातव्या महिन्यात झाली ना, फुप्फुसं नाजूक आहेत तिची. डॉक्टर म्हणाले, सिगारेटचा धूर तर नाहीच, पण भिंतींना, पडद्यांना वास असेल अशा घरातही न्यायचं नाही. आपलं घर तुम्हाला माहितीये."

"माहितीये."

"तुमच्याकडे मशीन आहे. एका दुपारचं तर काम. नाहीतर मग मी सोफियाला सासूबाईंकडे, दिमोच्या आईकडे उतरते, आणि शनिवारी फक्त चर्चपुरती येऊन जाते. बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. बघू."

"बघू नाही. सांगा मला."

"करतो म्हटलं ना!" तो वसकन ओरडला, आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडला. एका दुपारचं काम! कुणाला सांगतेस? तीस वर्षांचं माणूस एका दुपारी घराबाहेर काढायचं, आणि बटण दाबायचं नवऱ्यानंच. आणि नाही दाबलं, तर नात सोफियाला. दहा दिवस हाताशी होते. त्यातले सहा त्यानं असेच घालवले.

सातव्या दिवशी जिन्यात नेव्यानाताई भेटली. हातात रिकाम्या बरण्यांची पिशवी.

"काय ताई, या वर्षी कुणी मिरच्या भाजत नाही वाटतं?" त्यानं आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. दर सप्टेंबरात विदिनच्या गॅलऱ्यागॅलऱ्यांत लाल मिरच्या भाजतात, सोलतात, बरण्यांत भरतात. पंधरा दिवस सगळ्या गावाला तोच एक वास असतो.

नेव्यानाताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे, मी सकाळपासून वीस किलो भाजल्यात. दोन जिने ओलांडून आलास ना तू?"

"डोकं ठिकाणावर नाही माझं," तो म्हणाला आणि पुढे गेला.

त्या दिवशी काम होतं एका मेलेल्या शाळामास्तरांच्या घरी. मास्तरांची बहीण, स्तोइमेंका नावाची ठेंगणी बाई, चावी देऊन गेली होती. ल्यूबेननं भिंती पुसल्या, मशीन चालवलं, चार तास खाली बाकावर बसून काढले, मग आत जाऊन खिडक्या उघडल्या. खरं म्हणजे हवा मोजायचं मीटर असतं. पण त्याच्यातल्या बॅटऱ्या कधीच्या गंजलेल्या, आणि या धंद्यातले जुने लोक मीटरपेक्षा नाकावर विसंबतात. ओझोनचा वास लपत नाही. विजा चमकून गेल्यावर येतो तसा, तिखट, धातूचा. तो येईनासा झाला की घर मोकळं. ल्यूबेननं खोलीच्या मध्यभागी उभं राहून दीर्घ श्वास घेतला. काही नाही. त्यानं बहिणीला वर बोलावलं.

ती उंबऱ्यातच थबकली आणि गळ्यातल्या रुमालाखाली नाक लपवून खोकायलाच लागली. "अगंबाई! काय उग्र येतंय हे! अहो, तुम्ही उभे कसे आहात यात?"

"कसलं उग्र?"

"वायर जळल्यासारखं! डोळे चुरचुरताहेत माझे. चला, बाहेर व्हा आधी."

त्याला हाताला धरून तिनंच बाहेर काढलं. जिन्यात उभं राहून तो खोकला, तेव्हा कुठे कळलं की घसा सोलवटलाय. स्तोइमेंकानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. "पंधरा वर्षं हे काम करता म्हणे," ती म्हणाली. वाईट हेतूनं नाही, पण ल्यूबेनला तोंडात मारल्यासारखं झालं. त्यानं तिची माफी मागितली, उद्या या म्हणाला, आणि दाराला परत कागद लावला.

घरी आल्यावर कोटही न काढता तो स्वयंपाकघरात गेला. राकियाची, फळांच्या कडक दारूची, बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी. व्हिनेगरची बाटली. पाणी. लसणाची पाकळी सुरीनं ठेचली आणि बोटं नाकात घालायचीच काय ती बाकी ठेवली. काही नाही. मग एकेक आठवत गेलं. जानेवारीत दूध करपून पातेलं काळं झालं होतं आणि नेव्यानाताई धावत वर आली होती. त्याआधी तो ताप, आठ दिवसांचा. की त्याआधीपासूनच? मशीननं नेलं नाक की तापानं, कोण सांगणार? विचारणारं आणि सांगणारं माणूस घरात असतं तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

मग तो धीर करून कपाटाकडे गेला. स्वेटर काढला. तोंड खुपसलं.

तंबाखू आणि गुलाब. लख्ख.

क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडला. आणि मग तो पलंगाच्या कडेवर बसला, कारण एवढं न कळायला तो काही खुळा नव्हता. ज्या नाकाला लसूण कळत नाही त्याला गुलाब कुठून कळणार? स्वेटरातून काही येतच नव्हतं. जे येत होतं ते त्याच्याच डोक्यातून येत होतं.

स्वेटर घेऊन तो खाली गेला. नेव्यानाताईच्या स्वयंपाकघरात वाफ कोंदली होती, चुलीवर मोठ्या पातेल्यात बरण्या उकळत होत्या.

"ताई, याला कसला वास येतो, सांगा."

"ये, बस, भाकर खा" एरवी म्हणणारी बाई, पण त्याचा चेहरा बघून तिनं हात पुसले आणि स्वेटर घेतला. नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"तीच आहे रे," ती शेवटी म्हणाली. "देतेलिनाच."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? तीस वर्षं माझ्या डोक्यावर धूर सोडलाय तिनं!"

ल्यूबेननं मान डोलावली. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, नाकाचं आणि नातीचं. "घरात आहे ती अजून, आणि मलाच मिळत नाही. मग कुणासाठी ठेवू? पण रालीला तरी मिळायला हवी थोडी. बरणीत बंद कराल का? तीन लिटरची, मोठी."

"लोक मिरच्या भरतात," नेव्यानाताई पुटपुटली, "आणि हा बघा." पण उठली. कोरडी बरणी काढली, स्वेटराची गुंडाळी करून आत दाबली, झाकण ठेवून दाबायच्या यंत्रानं कडा आवळल्या. आणि हाताच्या सवयीनं बरणी उचलून थेट पातेल्याकडे निघाली.

"अहो ताई! उकळायची नाही!"

नेव्यानाताईनं हातातल्या बरणीकडे पाहिलं. मग नेव्यानाताई खो-खो हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ल्यूबेनही हसला, वर्षभरात पहिल्यांदा. "उकळली असती रे मेल्या, देतेलिनाची भाजी केली असती मी!" तिनं लेबल घेतलं आणि प्रत्येक बरणीवर लिहिते तसं आत काय आणि वर्ष कोणतं ते लिहिलं. आत काय, तर देतेलिना.

झाकणाला आतून रबराचं कडं होतं, म्हणून बरणी घरात ठेवायची सोयच नव्हती. ल्यूबेननं ती तळघरात नेऊन लोणच्यांच्या बरण्यांमागे ठेवली.

पुढचे दोन दिवस तो घर धूत होता. धुरानं माखलेल्या घरात नुसतं मशीन लावून भागत नाही, आधी हातानं पुसावं लागतं. पडदे बादलीत बुडवले आणि पाणी चहासारखं पिवळं झालं. ते त्यानं मोरीत ओतलं. मीटरला नव्या बॅटऱ्या घातल्या. देतेलिनाची जिरेनियमची कुंडी बाहेर काढली. मशीन कपाटावर चढवलं. आणि मग सवयीनं, रिकाम्या घरात, मोठ्यानं विचारलं, "ठेवायचं काही आहे का?"

बटण दाबून तो बाहेर आला, दार बंद केलं, फटींना पट्टी लावली. दारावर देतेलिनाचा कागद होता, उन्हानं फोटो फिका पडलेला, तोंडावर ते तिचं अर्धवट हसू. त्याच्याशेजारी त्यानं आपला कागद लावला. आत जाऊ नका. मग तो जिन्याच्या पायरीवर बसला. आत मशीनची घरघर चालू होती. तीन तास तो हलला नाही. नेव्यानाताई मध्ये भाकरी आणि भाजलेल्या मिरच्या ठेवून गेली.

रात्रभर घर बंद ठेवून सकाळी त्यानं खिडक्या उघडल्या. मीटरवर शून्य आलं. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी, तिच्या खुर्चीपाशी उभा राहिला आणि डोळे मिटून वाट पाहिली. तंबाखू नाही. गुलाब नाही. डोक्यातलं होतं तर मशीननं कसं पुसलं? पण नव्हतं एवढं खरं. घर मोकळं झालं होतं. त्याला इतकं एकटं त्या गेल्या सप्टेंबरातही वाटलं नव्हतं.

गुरुवारी रालित्सा आली. नात त्याच्या हातात आली आणि लगेच झोपली, मुठी आवळून. रालित्सानं दारातच नाक वर करून हवा हुंगली, डॉक्टरांचा हुकूम पाळत, आणि तिचा चेहरा सैल पडला. "बाबा, किती स्वच्छ! दवाखान्यासारखं." मग ती एकेका खोलीत गेली. स्वयंपाकघरात. आत. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती डोळे पुसतच.

"आईचं काहीच राहिलं नाही."

"तूच म्हणालीस."

"हो, मीच म्हणाले. माहितीये मला मीच म्हणाले!" ती रडायलाच लागली. "विमानात वाटत होतं, दार उघडलं की येईल. सवयीनं. मी नाही येऊ शकले ना बाबा तेव्हा, पोट असं, डॉक्टर प्रवास नको म्हणाले. मला वाटलं, निदान वास तरी."

ल्यूबेननं बाळ तिच्या हातात दिलं आणि तो तळघरात गेला. वर येताना एकेक पायरी जपून चढला. बरणी तिच्यापुढे ठेवली. लेबल वाचून तिनं तोंडावर हात घेतला.

"गॅलरीत जा. बाळाजवळ उघडू नकोस," तो म्हणाला.

बाळ परत त्याच्या मांडीवर आलं. काचेच्या दारातून त्याला दिसत होतं: रालित्सानं झाकण उचकटलं, स्वेटर अर्धा बाहेर काढला, त्यात तोंड खुपसलं. अगदी त्याच्यासारखंच. तिची पाठ हलत होती. ल्यूबेनला वाटलं, चला, पोचलं. माझ्या हातून एवढं तरी झालं.

ती बराच वेळ तशीच होती. मग दार ढकलून आली, स्वेटर हातात लांब धरून. "बाबा, तुम्ही पण घ्या ना."

तो नको म्हणाला असता, पण मग सांगावं लागलं असतं. त्यानं मान पुढे केली, श्वास घेतला. लोकर नाकाला टोचली, एवढंच. "हो," तो म्हणाला. "तीच. तंबाखू आणि गुलाब."

रालित्सानं स्वेटर मागे घेतला आणि पुन्हा एकदा नाकाशी धरला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "याला आईचा वास नाहीये."

"आहे. नेव्यानाताईनंही घेतला."

"नाहीये. याला तुमचा वास आहे. तुमचा दाढीचा साबण, तुमचा घाम. सगळा तुमचाच आहे." मग तिला कळलं. "तुम्ही रोज घेत होता हा?"

ल्यूबेननं खाली बघितलं. नेव्यानाताईनं स्वेटर किती वेळ नाकाशी धरला होता, ते त्याला आता आठवलं. तीनशेहून जास्त संध्याकाळी. उघडलं की उडतं, पुसलं की जातं, हे गावाला सांगणारा माणूस तो. मशीन लागलंच नव्हतं. त्यानं आपल्या तोंडानंच तिला पुसून टाकलं होतं, थोडी थोडी, आणि त्याच्या नाकाला पत्ताही लागला नव्हता.

"मला वास येत नाही गं, राली," तो म्हणाला. "कुणाचाच. कधीपासून ते माहीत नाही."

बाळ जागं झालं, इकडेतिकडे बघून परत डोळे मिटले. रालित्सानं स्वेटराची गुंडाळी केली आणि बरणीत दाबून बसवली. झाकणाची कडा वाकली होती, तरी तिनं ते तळहातानं गच्च दाबलं.

"राहू दे आता," ल्यूबेन म्हणाला. "धुऊन टाकतो मी. काय करायचंय ठेवून?"

"धुऊ नका," ती म्हणाली, आणि बरणी उचलून आपल्या उघड्या बॅगेत, बाळाच्या दुपट्यांमध्ये ठेवली. "मी नेणार आहे ती. आईच्या वेळी मला काहीच नेता आलं नाही."